उष्ण-परीषह आणि वीजबिल

उन्हाळ्यात घरातील विजेचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा हा प्रश्न सामान्यतः अर्थव्यवहाराचा किंवा अभियांत्रिकीचा मानला जातो आणि त्या मर्यादेत त्याची उत्तरे बहुतांशी ठरलेली आहेत. एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर चालले असता खर्च होणारी वीज. या मापाने ७५ वॅटचा जुना छतपंखा सुमारे तेरा तासांत एक युनिट खातो, तर बीएलडीसी मोटारीचा, तीस वॅटच्या आसपास वीज घेणारा नवा पंखा तेवढ्याच विजेवर तेहेतीस तास फिरतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्रीय संस्थेच्या हिशेबानुसार एसीचे तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि जानेवारी २०२० पासून नव्या एसीवर सुरुवातीचे तापमान २४ अंश असावे असे बंधन आहे. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे असल्यामुळे, म्हणजे शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून बराच चढा, पाचशेपर्यंत आणखी चढा अशी त्यांची रचना असल्यामुळे, उन्हाळ्यात वाढणारे युनिट नेहमी वरच्या, महागड्या पायरीवर पडतात. त्यावर वहन आकार आणि सोळा टक्के वीज शुल्क चढते, आणि गेल्या वर्षीचा वापर वाढलेला असेल तर नेमक्या त्याच दिवसांत अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे वेगळे बिलही घरी येते.

या हिशेबात चूक काही नाही, पण तो जेथे थांबतो तेथून धर्मविचाराचा प्रश्न सुरू होतो. पैशासाठी केलेली बचत आणि संयम म्हणून केलेली बचत मीटरवर सारखीच उमटते. मग दोहोंत काही भेद आहे काय, आणि असल्यास तो कशात आहे? उकाडा सोसणे हे स्वतःच पुण्यकारक आहे काय? आणि ज्याला बिल सहज परवडते त्यानेही वीज जपावी, असे म्हणण्यास पैशाखेरीज कोणता आधार उरतो? कोल्हापूर हे या विचारासाठी सोयीचे स्थळ आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेल्या या शहरात एप्रिलचा पारा बहुधा ३७-३८ अंशांपर्यंत जातो, सायंकाळी पश्चिमेचा वारा सुटतो आणि अधूनमधून वळीव कोसळून हवा निवते. उष्णता पुष्कळ अंशी सोसता येण्याजोगी असल्यामुळेच येथे निवडीला वाव आहे. विदर्भात तो तितका नाही. शिवाय वारकरी, लिंगायत आणि दिगंबर जैन या परंपरा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत, आणि त्यांपैकी जैनांनी गृहस्थाच्या वस्तुवापराचा जितका बारकाईने विचार केला तितका दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

उष्णतेचा प्रश्न निघाला की सर्वप्रथम आठवते ती गीतेची शिकवण. दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की इंद्रियांचा विषयांशी होणारा स्पर्श शीत-उष्ण आणि सुख-दुःख देणारा असतो, तो येतो आणि जातो, म्हणून तो सोसावा. या सोसण्याला तितिक्षा अशी संज्ञा आहे आणि अद्वैत वेदान्तात ज्ञानाच्या अधिकारासाठी जी साधने आवश्यक मानली त्यांत शम, दम, उपरती यांच्या जोडीला तिची गणना होते. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची जी व्याख्या दिली आहे ती कठोर आहे: दुःख सोसावे, त्यावर उपाय करू नये, आणि त्याची चिंता किंवा विलापही करू नये. ही व्याख्या अक्षरशः घेतली तर हातपंखासुद्धा तितिक्षेच्या विरोधात जातो. परंतु ती मुमुक्षूसाठी, म्हणजे मोक्ष हेच ज्याचे एकमेव प्रयोजन उरले आहे अशा साधकासाठी आहे, संसारी माणसासाठी नाही, हे विसरले जाते. ज्या गीतेने तितिक्षा सांगितली तिनेच सहाव्या अध्यायात आहार, विहार, झोप आणि जागरण यांतील युक्तता, म्हणजे योग्य प्रमाण, हे योगाचे लक्षण ठरवले आणि अति खाणाऱ्याप्रमाणेच मुळीच न खाणाऱ्यालाही योगाला अपात्र मानले. वीजबचतीच्या समर्थनार्थ गीतेतील तितिक्षा पुढे करणारे हे दुसरे वचन बहुधा मागे ठेवतात.

जैन विचाराने हीच विभागणी अधिक स्पष्ट केली आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात बावीस परीषह सांगितले आहेत. परीषह म्हणजे मोक्षमार्गावरून ढळू नये आणि कर्माची निर्जरा व्हावी, म्हणजे आत्म्याला चिकटलेले कर्म झडून जावे, म्हणून साधूने समभावाने सोसावयाचे क्लेश. भूक, तहान आणि थंडी यांच्यानंतर चौथा येतो तो उष्ण-परीषह, आणि त्याच्या पाठोपाठ डास-माश्यांचा; उन्हाळ्याच्या रात्री या दोहोंची सांगड किती नेमकी आहे हे वीज गेलेल्या घरात कोणालाही पटेल. कोल्हापूर परिसरात विहार करणाऱ्या दिगंबर मुनींच्या चर्येत या परीषहाचे स्वरूप प्रत्यक्ष दिसते. मुनी दिवसातून एकदाच, उभे राहून, ओंजळीत आहार घेतात आणि पाणीही त्याच वेळी घेतात. वैशाखातल्या दुपारी घशाला कोरड पडली तरी दुसऱ्या दिवशीच्या आहारापर्यंत पाण्याचा थेंब नाही. अंगावर वस्त्र नाही, पायात वहाण नाही, आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावरून विहार चालू असतो. ही साधना पाहणाऱ्या श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, शास्त्राने मात्र उष्ण-परीषह सांगितलेला नाही. त्याला व्रते सांगितली आहेत, आणि परीषह व व्रत यांतील अंतर या संपूर्ण प्रश्नाच्या मुळाशी आहे.

या संदर्भात जैन समाजात विजेविषयी झालेला एक वाद ध्यानात घेण्यासारखा आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती या पाचही ठिकाणी एकेंद्रिय जीव असतात असे जैन दर्शन मानते. मग तारेतून वाहणारी वीज सचित्त, म्हणजे अग्निकायिक जीवांनी युक्त आहे, की अचित्त, म्हणजे निर्जीव? श्वेतांबरांतील तेरापंथाने ती अचित्त मानली आणि ध्वनिक्षेपकाचा वापर स्वीकारला. पुष्कळ स्थानकवासी साधूंनी ती सचित्त मानून दिवा, पंखा आणि ध्वनिक्षेपक वर्ज्य ठेवले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा वाद निरर्थक वाटेल, पण त्यातून एक गोष्ट हाती लागते. बटण दाबणे ही नैतिकदृष्ट्या मोकळी कृती नाही, तिने कोठेतरी काहीतरी जळते, हे या परंपरेला कोळशाच्या राखेचे ढीग न पाहताही सुचले होते.

गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा संपूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्र मान्य करते. स्वयंपाक, शेती, घरबांधणी यांवाचून संसार चालत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी अनर्थदंडव्रत सांगितले. अनर्थदंड म्हणजे प्रयोजनावाचून घडवलेली हानी. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तिचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील एक प्रमादचर्या हा आहे: कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, वनस्पती तोडणे. यादीतील अग्नी आणि वारा हे दोन शब्द रिकाम्या खोलीत जळणाऱ्या दिव्याला आणि फिरणाऱ्या पंख्याला जसेच्या तसे लागू पडतात, त्यासाठी अर्थ ताणावा लागत नाही. तत्त्वार्थसूत्राने याच व्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रत न मोडताही त्याला डाग लावणाऱ्या दोषांत, उपभोगपरिभोगानर्थक्य हा एक दोष नोंदवला आहे, आणि त्याचा अर्थ गरजेपेक्षा अधिक भोगसाधने बाळगणे असा आहे. येथे पैशाचा उल्लेख कोठेही नाही. ज्याला परवडते त्याने निष्कारण वापरले तर दोष कमी होतो, असा अपवाद शास्त्रकारांनी ठेवलेला नाही.

कारण दोष प्रमादात आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, लक्ष नसणे. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसारात असा विचार येतो की जीव मेला वा न मेला तरी अयत्नाने वागणाऱ्याला हिंसा निश्चित लागते, आणि जपून वागणाऱ्याला केवळ घडलेल्या हानीमुळे बंध होत नाही. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९३५ मध्ये सिद्ध करणारे प्राकृतपंडित डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन करीत होते, आणि कुंदकुंदांच्या अभ्यासात त्या आवृत्तीच्या विस्तृत प्रस्तावनेचे स्थान आजही टिकून आहे. प्रवचनसाराच्या या विचाराने पाहिले तर सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पैशासाठी केलेली बचत आणि संयमाची बचत यांत भेद आहे, पण तो युनिटांत नाही, अवधानात आहे. स्वस्त वीज मिळताच जी बचत संपते ती अवधानाची नव्हती, एवढे नक्की म्हणता येते; मात्र बिलाच्या धाकाने लागलेली सवयही काही काळाने अवधानात बदलू शकते, आणि हेतू शुद्ध नाही म्हणून तिची टर उडवण्याचे कारण नाही.

दुसरे अर्धे उत्तर भोगोपभोगपरिमाण या व्रतात आहे. एकदाच वापरून संपते तो भोग, उदाहरणार्थ अन्न. पुन्हा पुन्हा वापरता येते तो उपभोग, उदाहरणार्थ वस्त्र, शय्या, वाहन. या दोहोंची मर्यादा गृहस्थाने स्वतः ठरवावयाची असते. ही मर्यादा दोन प्रकारांनी घेता येते: आजन्म घेतली तर तिला यम म्हणतात आणि ठरावीक काळापुरती घेतली तर नियम. नियमाचा काळ कोणता असावा याचे पर्याय समंतभद्रांनी दिले आहेत, आणि त्यांत दिवस, रात्र, पंधरवडा, महिना यांच्या पुढे ऋतू आणि अयन येतात. म्हणजे एका ऋतूपुरती घेतलेली उपभोगाची मर्यादा ही कल्पना सुमारे दीड हजार वर्षे जुनी आहे. तिच्यातील महत्त्वाचा भाग असा की मर्यादा आधी ठरते आणि वापर नंतर होतो. वीजदराच्या पायऱ्या नेमके उलट काम करतात. वापर होऊन गेल्यावर त्या महिन्याच्या अखेरीस सांगतात की मर्यादा ओलांडली होती, आणि तीही कोणा नियामक आयोगाने घातलेली असते. पहिल्या पद्धतीत माणूस ठरवतो, दुसरीत केवळ चपापतो.

मर्यादा म्हणजे सुखाचा धिक्कार, असा समज मात्र मराठी धर्मजीवनाला धरून नाही. उन्हाळा देवालाही लागतो, ही येथील भक्तीची जुनी श्रद्धा आहे. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत विठ्ठलाची चंदनउटी पूजा होते, शिवालयांत पिंडीवर गळती बांधून पाण्याची संततधार धरली जाते, आणि पूजेच्या राजोपचारांत चामर व पंखा यांना मानाचे स्थान आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हे आणि कैरीची डाळ असते ती काही योगायोगाने नव्हे. चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते तेव्हा सासनकाठ्या नाचवणाऱ्या भाविकांसाठी वाटेवर पाणपोया आणि सरबताची सोय करणारे लोक त्या उन्हाला तपश्चर्या म्हणून सोडून देत नाहीत. वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याने भरलेला घडा, पंखा आणि छत्री यांचे दान हिंदू घरांत सांगितले आहे. त्याच तिथीला, दीर्घ उपवासानंतर ऋषभदेवांना हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने उसाचा रस दिला आणि तेथून दानाची परंपरा सुरू झाली, असे जैन मानतात. दोन्ही परंपरांनी उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर दुसऱ्याला गारवा देण्याचा दिवस ठेवला आहे, आणि उसाच्या या जिल्ह्यात त्या रसाचे अगत्य वेगळे सांगावयास नको.

यातून निघणारी गोष्ट प्रचलित उपदेशात फारशी ऐकू येत नाही: तितिक्षा स्वतःपुरती असते, ती दुसऱ्यावर लादता येत नाही. उन्हाळी बचतीचा भार घरात सारखा वाटला जात नाही. कोल्हापुरातील सिमेंटच्या स्लॅबखालच्या फ्लॅटमध्ये सर्वांत उष्ण जागा बहुधा स्वयंपाकघर असते. तेथे गॅसची आच विझू नये म्हणून पंखा बंदच ठेवावा लागतो, तव्यावर भाकरी फिरत असते, आणि बाहेरच्या खोलीत २४ अंशांवर बसलेली मंडळी वीज जपण्याविषयी बोलत असतात. ज्येष्ठांचे शरीर उष्णता कमी सोसते, घाम कमी येतो, तहान उशिरा कळते. त्यांच्या खोलीतला पंखा बंद करून वाचवलेले युनिट संयमात जमा होत नाही. सोसण्याला सीमा आहे हे देशाने पाहिले आहे. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत नेहमीच्या मानाने तेराशेंहून अधिक मृत्यू झाल्याचे अभ्यासकांनी दाखवले आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा आखला. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे पुरस्कार सोहळ्यासाठी तासन्‌तास उन्हात बसलेल्या श्रद्धावान समुदायातील दहाहून अधिक जण उष्माघाताने दगावले. श्रद्धेने बसलेल्या माणसाची सहनशक्ती ही त्याची असते. त्याच्या डोक्यावर छप्पर असणे ही बोलावणाऱ्याची जबाबदारी असते.

आता परवडण्याचा प्रश्न. महात्मा गांधींनी १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत अस्तेयाचा, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचा, अर्थ विस्तारून सांगितला: ज्याची खरोखर गरज नाही अशी वस्तू घेणे, ती कोणी देऊ केली असली तरी, चोरीतच मोडते. हे विधान टोकाचे वाटते, पण विजेच्या बाबतीत ते सहज पडताळून पाहता येते. राज्याची वीज एकाच जाळ्यातून वाहते आणि त्या जाळ्याला कोळशावरची वीज देणाऱ्या केंद्रांत २,९२० मेगावॅटचे चंद्रपूर हे फार मोठे केंद्र आहे. चंद्रपूर हे उन्हाळ्यात देशातील अतिउष्ण शहरांपैकी एक असून तेथील पारा ४६ अंशांच्या पुढे अनेकदा गेला आहे. म्हणजे ३७ अंशांच्या गावात खोली २० अंशांवर आणण्यासाठी ४६ अंशांच्या गावात कोळसा जळतो. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाने धूर दिला नाही, पण धरणाखाली गावे गेली आणि त्यांचे पुनर्वसन पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले. प्रत्येक बिलाला अशी एक न छापलेली बाजू असते.

खुद्द कोल्हापुरातही ती दिसते. उसाला पाणी पाजण्यासाठी शेतीपंपाला आळीपाळीने, पुष्कळदा रात्री वीज मिळते. अंधारात बांधावरून दारे धरत फिरणाऱ्या शेतकऱ्याला साप, विंचू आणि उघड्या तारा यांचा धोका असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसा दहा तास वीज मिळावी या मागणीसाठी स्वाभिमानी शेतकरी संघटनेने कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले तेव्हा दिवसाची वीज ही न्यायाची बाब म्हणून शहरासमोर आली. एका घराने एसी बंद केल्याने एका शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते असे सरळ गणित नाही. तसे भासवणे हा भाबडेपणा होईल. तरीही टंचाईच्या वस्तूचा निष्कारण वापर आणि दुसऱ्याची रात्र यांचा काही संबंध नाही असे म्हणणे त्याहून कठीण आहे.

यावर दोन आक्षेप राहतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले की वाफेची यंत्रे अधिक काटकसरी झाली तसा इंग्लंडचा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला. घरातही कमी विजेचा पंखा आला की तो रात्रंदिवस फिरू लागतो आणि वाचलेल्या पैशात दुसऱ्या खोलीचा एसी येतो. उपकरणाची कार्यक्षमता परिमाणाची जागा घेऊ शकत नाही, हे या आक्षेपानेच सिद्ध होते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरील सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते; ज्याच्या गच्चीवरच वीज तयार होते त्याने कोणाचे काय घेतले? येथे अस्तेयाचा युक्तिवाद सैल पडतो, हे मान्य करावे लागते. अनर्थदंडाचा मात्र पडत नाही, कारण तो वीज कोठून आली हे विचारीत नाही, ती कशासाठी गेली एवढेच विचारतो. आणि दिवसा न वापरलेली सौर वीज त्याच जाळ्यात जाऊन दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

गच्चीला चुन्याची सफेदी दिली, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, माठ भरला आणि एसी २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला की बिल उतरते. या गोष्टी करण्यास कोणत्याही दर्शनाची गरज नाही आणि त्या अवश्य कराव्यात. ऋतुनियम मात्र घरात बसून ठरवावा लागतो. पुढच्या गुढीपाडव्याला पंचांगाचे वाचन झाल्यावर मागच्या मार्च, एप्रिल आणि मे यांची बिले समोर ठेवावीत, मृग लागेपर्यंतची मर्यादा सर्वांनी मिळून ठरवावी, आणि ती सांगण्याचा पहिला अधिकार स्वयंपाकघरात उभे राहणाऱ्या माणसाला द्यावा.